आग्नेसबायचे चाळीस दिवस

आग्नेसबाय आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा लिफ्ट चालू होती, तरीही ती सात मजले जिन्यानं चढून आली. दारात उभी राहून तिनं आधी दम घेतला, मग चपला काढल्या, मग त्याच चपला उचलून पिशवीत घातल्या आणि विचारलं, "बाळंतीन हितंच ना?"

चपला पिशवीत का घातल्या, असं माझ्या सासूबाईंनी विचारलं.

"बिल्डिंगीत चपला चोरीला जात नाय," ती म्हणाली, "बदलतात. मला दुसऱ्याच्या नको."

साठी ओलांडलेली, ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. मनगटं होडी हाकणाऱ्या एखाद्या नाखव्यासारखी. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला बारीक क्रूस, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण आलो आहोत, आता बाकीच्यांनी जरा बाजूला व्हावं. ती वसईच्या पाचूबंदरची. तरुणपणी मासळी विकली, मग वसईतल्या एका प्रसूतिगृहात वीस-बावीस वर्षं आया होती, आणि तिथून सुटल्यावर घरोघरी बाळंतिणीच्या मालिशीला जायची. आमच्या नायगावच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या लोपीसबाईंच्या सुनेचं बाळंतपण तिनं काढलं होतं. त्यांनीच तिला माझ्याकडे पाठवलं.

पाठवायची वेळ आली होती खरी. माझी मुलगी रेवा तेव्हा अकरा दिवसांची होती आणि तिचं वजन जन्मापेक्षा तीनशे ग्रॅमनं कमी भरलं होतं. बाळाच्या डॉक्टरांनी काटा दोनदा बघितला आणि म्हणाले, "तीन दिवस बघू. नाही वाढलं तर वरचं दूध सुरू करावं लागेल." ते शांतपणे म्हणाले होते, पण मला ते एखाद्या परीक्षेत नापास झाल्यासारखं लागलं. त्यातून अंगावर पाजायचं म्हटलं की मला घाम फुटायचा. चिरा पडल्या होत्या, रक्त यायचं. रेवा रडायला लागली की मी पायाची बोटं आवळून घ्यायची. ती तासतासभर चिकटून राहायची, सोडली की पुन्हा भुकेली. मी बँकेत आठ वर्षं नोकरी केलेली, माणसांच्या तक्रारी हसत ऐकणारी बाई, आणि अडीच किलोच्या जिवापुढं मला रडू येत होतं.

घरात उपाय कमी नव्हते. माझी आई लांज्याहून आली होती, सासूबाई कोरेगावहून. आईचा विश्वास पेजेवर आणि अळिवाच्या खिरीवर. सासूबाईंचा बाजरीच्या भाकरीवर आणि मेथीवर. दोघी एकमेकींना अतिशय आदरानं "विहीणबाई" म्हणायच्या आणि एकमेकींनी केलेलं ताट अतिशय आदरानं बाजूला सारायच्या. मी दोन्ही ताटं जेवायची. त्या अकरा दिवसांत घरात वजन वाढलं असेल तर ते फक्त माझं.

माझा नवरा प्रसाद कंपनीतून सुट्टी घेऊन बसला होता. त्यानं त्याच्या स्वभावाप्रमाणे एक तक्ता केला होता. डावी बाजू, उजवी बाजू, सुरुवात, शेवट, किती मिनिटं, शू, शी. तो तक्ता छापून कपाटाच्या दाराला चिकटवला होता आणि रेवानं तोंड लावलं की तो मोबाइलवर वेळ लावायचा. शिवाय त्यानं दूध काढायचं विजेवर चालणारं यंत्र मागवलं होतं. ते सुरू केलं की खालच्या मजल्यावर कोणी शिलाई मशीन चालवतंय असं वाटायचं.

अशा घरात आग्नेसबाय शिरली.

तिनं आधी हात धुतले. हे हात धुणं बघण्यासारखं होतं. कोपरापर्यंत साबण, नखांत साबण, बोटांच्या बेचक्यांत साबण. एवढं झाल्यावर हात हवेत धरून ती नुसती उभी राहायची, पुसायची नाही. "टॉवेलाचा काय भरवसा," म्हणायची. मग खोलीत आली, आमची तेलाची बाटली उघडून हुंगली, बंद केली आणि लांब ठेवली. तक्त्यापुढं थांबली. वाचता येत होतं तिला, चौथीपर्यंत शिकलेली होती.

"ह्ये काय हाय?"

"वेळापत्रक," प्रसाद म्हणाला. "दर दोन तासांनी, पंधरा-पंधरा मिनिटं."

"पोराला घड्याळ बघता येतं?"

तिनं तक्ता सोडवून घेतला, चौघडी केली आणि रेवाला त्यानं वारा घालू लागली. तो तक्ता मग पुढं महिनाभर पंख्याचंच काम करत होता.

मग तिनं खोली रिकामी केली. ही तिची खास विद्या होती. ती कुणालाही बाहेर जा म्हणत नसे, प्रत्येकाला काम सांगत असे. प्रसादला तिनं हिरव्या सालीची, पण आतून पिकलेली केळी आणायला पाठवलं. "वसईची पायजेत. फ्रिजातली नको." सासूबाईंना आणि आईला तिनं पिशवीतून काढून एक मोरी दिली. मोरी म्हणजे शार्कचं पिल्लू. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, खरबरीत कातडीचं, वाकड्या तोंडाचं. सासूबाई कोरेगावच्या, त्यांचा मासळीशी संबंध सुकटापुरता. त्या मागं सरकल्या. आई पुढं झाली, पण लांज्यालाही तिच्याकडं मोरी कोणीतरी साफ करून देत असे.

"बाळंतिनीला मोरीचं कालवन लागतं," आग्नेसबाय गंभीरपणे म्हणाली. "उकळत्या पान्यात घाला, वरची रेती खरवडा, मग तुकडे करा. दोघी मिळून करा, एकटीला जमनार नाय."

दोघी स्वयंपाकघरात गेल्या. दार लागलं.

"मोरीनं खरंच दूध वाढतं का हो?" मी विचारलं.

"ते मला म्हायत नाय," ती पाय पसरून जमिनीवर बसत म्हणाली. "पन मोरी साफ करायला दोघींना दीड तास लागतो."

किती दिवसांनी मी हसले ते मला त्याच क्षणी कळलं, कारण हसताना टाके दुखले.

त्यानंतर मला वाटलं की आता ती रेवाला उचलेल, मला धरेल, दाबेल, ओढेल. प्रसूतिगृहातल्या एका परिचारिकेनं तसंच केलं होतं. बाळाचं डोकं एका हातात, मी दुसऱ्या हातात, आणि आम्हाला एकमेकींवर आदळवलं होतं. आग्नेसबायनं काहीच केलं नाही. "पाज," एवढंच म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून बघत बसली.

मी रेवाला घेतलं. रेवानं तोंड लावलं. मी डोळे घट्ट मिटले.

"खांदे कुठं ठेवलेस?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"कानाला लागलेत. खाली आन. कोन मारतंय तुला?"

मी खांदे खाली आणले. अकरा दिवस ते वरच होते, हे मला ठाऊकच नव्हतं.

"आता पाठ टेक. तू पोरावर वाकतेस. वाकायचं नाय. पोराला तुझ्याकडं आन. होडी धक्क्याला लागते पोरी, धक्का होडीकडं जात नाय."

तिनं माझ्या पाठीमागं दोन उशा कोंबल्या, रेवाला कुशीवर फिरवलं, तिचं पोट माझ्या पोटाला लावलं. इतके दिवस ती उताणी झोपून मान वळवून पीत होती. "तू मान वाकडी करून पानी पिऊन बघ," आग्नेसबाय म्हणाली. मग रेवाचं तोंड तिनं जवळून पाहिलं आणि निदान केलं.

"ही पीत नाय. ही नुसती टोक चघळते. म्हनून तू रडतेस आनि ही पन रडते. मांदेलीचं तोंड करते. घोळीचं पायजे."

मांदेली बोटाएवढा मासा, घोळ हातभर. दोघांच्या तोंडात किती फरक ते दाखवायला आग्नेसबायनं आधी ओठांचा चंबू केला आणि मग आपलं तोंड जे उघडलं ते मला तिच्या मागच्या दाढांमधली चांदी दिसली. "अस्सं. आऽऽ. वरच्या ओठाला हळू लाव, थांब, घाई नाय, ती मोठं उघडंल तवा आत घे. हनुवटी आधी."

आता अडचण अशी की रेवाला घोळ माहीत नव्हती. मी लावायची, ती चंबू करायची. आग्नेसबाय "आऽऽ" करायची. मीही न कळत "आऽऽ" करायला लागले. तेवढ्यात दारातून सासूबाई हातात सुरी घेऊन विचारायला आल्या की मोरीचं डोकं ठेवायचं की टाकायचं, आणि आम्हा दोघींना तोंडं वासून बसलेलं बघून त्यांचंही तोंड उघडलं. आम्हा तिघींच्या मधोमध रेवानं जांभई दिली. आग्नेसबायचा तळवा माझ्या कोपराखाली सरकला, कोपर पुढं आला, आणि रेवा लागली.

दुखलं. पण पहिल्या क्षणापुरतं. मी वाट पाहत राहिले की आता कळ येईल, आता येईल. आली नाही. खोलीत एक बारीक आवाज यायला लागला. घोट गिळल्याचा. एक, मग थांबून दुसरा, मग तिसरा.

"आयकलंस?" आग्नेसबाय हळूच म्हणाली.

सासूबाई सुरी धरून तशाच उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आग्नेसबायनं त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "वयनी, डोकं टाका."

त्या दिवसापासून ती रोज सकाळी नऊला यायची. रविवार सोडून. पाचूबंदरहून एक बस, मग दुसरी बस, मग आमचा जिना. लिफ्टवर तिचा विश्वास नव्हता. "दार लागलं की आत काय चाल्लंय ते देवाला पन दिसत नाय," म्हणायची. आमच्याशी बोलताना ती घरची बोली बाजूला ठेवून आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करायची, पण 'ण' हे अक्षर तिच्या वाटेला कधी गेलं नाही. प्रसादला ती "बाळाचे बाबा" म्हणायची, तोंडावरसुद्धा. "बाळाचे बाबा, जरा सरका."

दूध काढायच्या यंत्राकडं पाहून ती म्हणाली, "होडीचं इंजिन घरात कशाला आनलंस?" आणि मला हातानं कसं काढायचं ते शिकवलं. तीन दिवसांची मुदत होती ना. रेवा पिऊन झाली की वर थोडं काढून वाटी-चमच्यानं पाजायचं. वाटी आईनं उकळायची, चमचा सासूबाईंनी धरायचा. दोघींना प्रथमच एक सामायिक काम मिळालं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं निघायच्या आधी आग्नेसबायनं रेवाला दोन्ही हातांवर घेतलं, खालीवर दोनदा तोललं आणि म्हणाली, "शंभर ग्रॅम चढलीय."

काट्यावर नव्वद भरलं. डॉक्टर "चांगलं चाललंय" म्हणाले. घरी येऊन प्रसादनं तिला आकडा सांगितला, तर तिला तो पटला नाही. "त्यांचा काटा तपासून घ्या," म्हणाली. "मी पंधरा वर्षं पापलेट हातावर तोलून विकलीत."

लोकांना वाटतं तशी ती अंगावरच्या दुधाची कट्टर नव्हती. हे मला लोपीसबाईंच्या सुनेनं सांगितलं. तिला खरोखरच दूध कमी होतं, पंधरा दिवस सगळं करून झालं होतं. आग्नेसबायनं एके सकाळी बाळाला हातावर तोललं, पुन्हा एकदा तोललं आणि म्हणाली, "पोरी, डॉक्टरला विचार आनि पावडरचा डबा आन." लोपीसबाई भडकल्या. आमच्या घराण्यात डब्यावर कोणी वाढलं नाही, असं म्हणाल्या. आग्नेसबाय म्हणाली, "घरान्याला भूक लागली तर त्याला अंगावर पाजा. पोराला डबा द्या." त्यानंतर दोन दिवस लोपीसबाई तिच्याशी बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी नातवानं झोपेत ढेकर दिली आणि अबोला संपला.

तिचं स्वतःचं कळलं ते असंच, मालिश करता करता. मी पालथी पडले होते आणि ती माझ्या पाठीवर कणीक तिंबावी तशी जोर लावत होती. तुम्हाला किती मुलं, असं मी विचारलं.

"चार. थोरल्याला माझं दूध नाय मिळालं."

"का?"

"मला कोनी दाखवलं नाय. एकोनीस वर्षांची होते. सासू म्हनाली, हिला पान्हाच नाय, खडकावर बी पेरलं. मी मिठाच्या कोठीत जाऊन रडायची. शेजारची हिरा कोळीन, तिची पोर दोन महिन्यांची. तिनं एक दिवस सिमोनला उचललं आनि लावलं. विचारलं पन नाय मला. दोन वर्षं पाजलं तिनं. तिचं तेव्हा आमच्या सासूशी भांडन होतं, आळीच्या नळावरून. नळावर भांडायच्या, आनि मग घरी येऊन पोराला पाजायची."

"मग?"

"मग काय. तो अजून माझ्यावर रुसला की हिराच्या घरी जाऊन जेवतो. बेचाळीस वर्षांचा घोडा." तिनं माझ्या कमरेवर थाप मारली. "पलट."

मी पलटले. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. मी काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात तिनं माझ्या पोटरीचा असा ताबा घेतला की शब्दांऐवजी दुसराच आवाज निघाला.

सगळं सुरळीत चाललं असं वाटत असतानाच, बाळंतपणाच्या सव्विसाव्या दिवशी, मला ताप आला. रविवार होता. सकाळी डावीकडं एक कडक गाठ लागली, वरची कातडी लाल, हात लावू देईना. दहापर्यंत हुडहुडी भरली. आईनं शेक द्यायला तवा ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "ते दूध नासलंय. पोरीला बाधंल. त्या बाजूनं पाजू नको, पार बंद कर." कोरेगावात कुणाच्या तरी सुनेला असंच झालं होतं आणि पुढं काय झालं ते त्या बोलेनात, त्यामुळं आणखीच भीती वाटली. मी त्या बाजूनं पाजलं नाही. दुपारपर्यंत गाठ दगडासारखी झाली.

प्रसादनं आग्नेसबायला फोन लावला. फोनवर ती नेहमी ओरडून बोलायची, पाचूबंदर ते नायगाव हे अंतर आपल्यालाच काटायचं आहे अशा समजुतीनं. त्या दिवशी तिनं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "ताप किती?" मग फोन ठेवला.

तासाभरात ती दारात होती. देवळातून, म्हणजे चर्चमधून, तशीच आलेली. अंजिरी रंगाची भरजरी साडी, कानांत सोन्याच्या मोठ्या कुड्या, अंबाड्यात अबोलीचा गजरा. मी तिला असं कधी पाहिलंच नव्हतं. पाहुणी म्हणून आल्यासारखी वाटली. पण हात धुतले ते कोपरापर्यंतच, भरजरी पदर दातांत धरून.

गाठीवर तिनं दोन बोटं ठेवली. न ठेवल्यासारखी. मग उठली.

"हे माझं काम नाय. डॉक्टरकडं. आत्ता."

"जरा चोळून बघा की," आई म्हणाली. "तुमच्या हाताला गुण आहे."

"हाताला गुन हाय म्हनूनच सांगते. चोळायचं नाय ह्याला. बाळाचे बाबा, गाडी बोलवा. वयनी, तुम्ही पन चला."

"मी कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

"बाळाची पिशवी कोन धरनार?"

बाळाची पिशवी प्रसादच्या खांद्यावर होती, पण सासूबाई निघाल्या. जिन्यापाशी आल्यावर आग्नेसबाय थांबली. माझ्याकडं पाहिलं. मला उभं राहवत नव्हतं. तिनं एक मोठा श्वास घेतला, लिफ्टचं बटण दाबलं आणि माझा हात धरून आत शिरली. दार लागलं. तिनं डोळे मिटले आणि "नमो मरिये" म्हणायला सुरुवात केली. पाचव्या मजल्यावर लिफ्ट थांबली, बाहेर एक जण कुत्र्याला घेऊन उभा होता. आत भरजरी साडीतली बाई डोळे मिटून प्रार्थना करतेय, एक तापानं फणफणलेली, एक सासू, आणि बाळ छातीशी धरलेला बाप. तो म्हणाला, "तुम्ही जा, मी नंतर येतो." प्रार्थना तळमजल्यावर संपली. तिनं माझा हात किती घट्ट धरला होता ते नंतर कळलं. मनगटावर तिच्या चार बोटांचे ठसे उमटले होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दुधाच्या गाठीत जंतुसंसर्ग झालाय, वेळेवर आलात, औषधाचा कोर्स पूर्ण करा, म्हणाल्या. त्या लिहीत असताना आग्नेसबायनं खाकरून विचारलं, "पाजायचं ना त्या बाजूनं?"

"पाजायचं. बंद केलं तर आणखी तुंबेल. हे औषध चालतं."

"बाळाला बाधनार नाय?"

"नाही."

आग्नेसबायनं मान वळवून सासूबाईंकडं पाहिलं आणि पुन्हा डॉक्टरांना विचारलं, "म्हंजे त्या बाजूनं पाजायचं?"

"आजी, मी दोनदा सांगितलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मला कळलं हो पहिल्यांदीच," आग्नेसबाय म्हणाली. "मला कमी आयकू येतं."

तिला कुठलाही आवाज दोन खोल्यांपलीकडून ऐकू यायचा. पण सासूबाई त्या दिवशी घरी येऊन स्वतः रेवाला माझ्या डाव्या बाजूला ठेवून गेल्या आणि कोरेगावच्या सुनेचं नाव पुन्हा कधी घेतलं नाही. दोन दिवसांत ताप उतरला, चौथ्या दिवशी गाठ विरघळली. पुढच्या आठवड्यात तर सासूबाई फोनवर आपल्या बहिणीला सांगत होत्या, "न्हाई न्हाई, बंद करायचं नसतं. पाजायचंच असतं. मला म्हाईत आहे ना."

आग्नेसबाय शेजारीच बसून माझ्या डोक्याला तेल लावत होती. तिचा हात थांबला नाही.

बाळंतपणाच्या चाळिसाव्या दिवशी तिनं नेहमीसारखी मालिश केली, रेवाला आंघोळ घातली, चपला पिशवीतून काढून पायांत घातल्या आणि म्हणाली, "उद्यापासून येनार नाय."

मी हादरले. अजून एक महिना या म्हटलं. रेवा नीट पीत होती, वजन वाढत होतं, मला दुखत नव्हतं, पण आग्नेसबाय नसताना हे सगळं असंच राहील याची मला खात्री नव्हती.

"चाळीस म्हंजे चाळीस," ती म्हणाली. "पुढं बाळंतीन लाडावते. आता तुला काय येत नाय?"

मी विचार करायला लागले. खरंच काही आठवेना.

"नोकरीवर जाशील तवा ते इंजिन काढ," ती म्हणाली. "तवा लागंल ते." आणि रेवाच्या कपाळावर अंगठ्यानं बारीक क्रूस काढून जिन्यानं उतरून गेली. रेवा मग इतकी रडली की सासूबाई म्हणाल्या, "बघा, कळतं पोरांना." तिला भूक लागली होती.

त्यानंतर दिवाळीला आणि नाताळला मी तिला फोन करायची. ती ओरडून "बरी हाय" म्हणायची आणि ठेवायची. मग एकदा फोन लागेनासा झाला. लोपीसबाईंकडून कळलं की मनगटं दुखतात म्हणून तिनं मालिशीचं काम सोडलं. जायचं, भेटायचं, असं म्हणता म्हणता रेवा साडेतीन वर्षांची झाली.

गेल्या माघात एका रविवारी आम्ही तिघं पाचूबंदरला गेलो. तिच्यासाठी मी एक साडी घेतली होती. किनाऱ्यावर बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत होते. एका घराच्या सावलीत आग्नेसबाय प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सुकी करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, निवडत होती. मनगटांना पट्ट्या बांधलेल्या. थोडी वाळली होती, पण खांदे तेच.

"आग्नेसबाय," मी म्हणाले, "ओळखलंत?"

तिनं वर पाहिलं. नीट पाहिलं. मला, मग प्रसादला, मग रेवाला.

"नाय," म्हणाली.

मी नायगाव म्हणाले. सातवा मजला म्हणाले. लोपीसबाईंची बिल्डिंग म्हणाले. रविवारचा ताप, डॉक्टरीणबाई, लिफ्ट, सगळं सांगितलं. ती मान हलवत राहिली, पण ते मान हलवणं मला बरं वाटावं म्हणून होतं. साडेतीन वर्षं जिची गोष्ट मी ऑफिसात, माहेरी, जिथं बसेन तिथं सांगत आले, ती माझ्याकडं लग्नाच्या मांडवात दूरच्या पाहुण्याकडं बघावं तसं बघत होती. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय हे लपवता येईना.

"दुधाची तक्रार होती?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. "अकरा दिवस. चिरा, रक्त, बाळाचं वजन उतरलेलं. मला वाटायचं, असं फक्त मलाच होतंय."

"मग कसं लक्षात ऱ्हानार, पोरी," आग्नेसबाय म्हणाली. "सगळ्यांचंच तेच होतं."

साडी तिनं घेतली, पदर उलगडून बघितला, रंग चांगला हाय म्हणाली. रेवाला मूठभर करंदी दिली. रेवानं ती फ्रॉकच्या खिशात भरली. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात किनाऱ्यावरून कुणीतरी हाक दिली, बोट लागली होती. आग्नेसबाय खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली, साडी घरात ठेवून आली, टोपली घेतली. "बसा तुम्ही, चा संपवा," म्हणाली आणि निघाली.

आम्ही चहा संपवला. रिक्षा किनाऱ्याच्या रस्त्यानं वळली तेव्हा मी बाहेर पाहिलं. ओहोटीच्या चिखलात बोटीभोवती पंधरा-वीस बायका उभ्या होत्या. सगळ्यांचे पदर खोचलेले, सगळ्यांच्या हातांत टोपल्या, सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. रेवानं विचारलं, "त्यातली ती करंदीवाली आजी कुठली?"

मी बराच वेळ पाहिलं. मला सांगता आलं नाही.